सहा तास, सात तास

कायांबेत ऋतू ऑर्डरीतून येतात.
लाल, लांब दांड्यांची मागणी आली की फेब्रुवारी,
मॉस्कोच्या बायकांचा दिवस म्हणजे मार्च,
मग मे, मग कुणाकुणाच्या आया.
बाकी वर्षभर दिवस बारा तासांचा, रात्र बारा तासांची,
तराजूची दांडी कधी हललेलीच नाही.
एकोणीस वर्षं मी गुलाब कापते इथं
प्लॅस्टिकच्या छपराखाली,
जिथं सावलीही पाणी घातलेल्या दुधासारखी पडते.

आज मुकादम एउक्लीदेसनं सगळ्यांना बाहेर काढलं.
बारा वाजून वीस मिनिटं. ढगांना एवढीशी खिडकी.
"बघा," म्हणाला, "आपापली सावली शोधा."
आम्ही चाळीसजणी रबरी बुटांत
कोंबड्यांसारख्या स्वतःभोवती फिरलो.
नव्हती.
ओलिम्पियाच्या हॅटची तेवढी तिच्या खांद्यांवर होती.
माझी माझ्याच बुटांखाली शिरली होती,
भाडं थकलेल्या माणसासारखी दडून.
वर डोंगर, डोंगरावर बर्फ,
विषुववृत्तावरचं,
हिवाळा म्हणजे काय ते ठाऊक नसलेलं बर्फ.

तेवढ्यात फोन. तोतानाहून, स्पेन.
ल्युस्मिला नाही, तिची आइताना, वय वर्षं सहा,
सगळे स दातांत जीभ धरून बोलणारी.
"आजी, बाईंनी चार ऋतू काढायला सांगितलेत.
कागदाच्या चार घड्या केल्यात मी.
तुझ्याकडे कोणता चाललाय?"
मागून ल्युस्मिला: इथं आज वसंत लागला, आई,
सव्वासहा वाजून गेले तरी लिंबांवर ऊन आहे,
आता रोज थोडं थोडं वाढत जाईल.

काय सांगू?
सकाळी कुडकुडतो, दहाला घाम, तीनला गारा.
एका दिवसात सगळे येऊन जातात
नि मुक्कामाला कुणीच राहत नाही.
म्हटलं, "बाळ, आमच्याकडे दोनच.
एक सहा तासांचा. एक सात तासांचा."

तिला कळलं नाही.
ल्युस्मिला गप्प झाली. तिला कळलं.

थोड्याच दिवसांत, एका रविवारी, ते लोक
रात्रीतून घड्याळ पुढे ढकलतील.
कुणी बॅग भरणार नाही, कुणी विमानात बसणार नाही,
आणि माझी मुलगी माझ्यापासून
आणखी एक तास लांब जाईल.
जेवणाच्या सुटीत मी फोन करेन
तेव्हा पोर अंघोळीला गेलेली असेल.
ऑक्टोबर सरता सरता तो तास परत करतात,
उसनी नेलेली वाटी परत यावी तसा.
रिकामाच.

सप्टेंबरपासून माझी दुपारची सावली
उत्तरेला पडत होती, तिच्या बाजूला.
मी काही तिला शिकवलं नव्हतं.
उद्यापासून पडेल दक्षिणेला,
पाठ फिरवून.
सूर्य मात्र निघाला तिकडेच.
माझ्या डोक्यावरूनच गेला तो आज,
थांबला असेल तर मिनिटभर.
म्हटलं, जा, पिकव तिची लिंबं.
पण पाठीवर जरा बेतानं पड,
वाकून काम असतं तिचं.

चित्राचा फोटो आला.
वसंतात लिंबाचं झाड, उन्हाळ्यात समुद्र,
शरदात नुसताच तपकिरी रंग, घाईनं फासलेला,
हिवाळ्यात बर्फाचा माणूस
(तिनं तो कधी पाहिलेला नाही).
आणि चारी घड्या जिथं मिळतात तिथं, सुरकुतीवर,
मोठाले बूट घातलेली एक बाई.
पायांशी काळं काही नाही.
विसरली की काय, ते मी विचारलं नाही.

शिट्टी झाली.
साठ सेंटिमीटरच्या अकरा जुड्या बाकी होत्या.
मान वाकडी म्हणून बाद झालेला एक गुलाब
बादलीत न टाकता मी बाजूला ठेवला.
तो कुठल्याच वसंताला जाणार नव्हता.
सहा वीसला अंधार पडायला लागला,
रोजच्यासारखा, एक मिनिट उशीर न करता,
आणि घरी जाऊन मी त्याला
कान तुटलेल्या कॉफीच्या कपात उभा केला.